पेशंटजवळ कोण आहे?

आमच्याकडं, कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमाभागात, कुणी आजारी पडलं की शेजारी आधी विचारतात, "कुठं नेलंय?" काय झालंय ते नंतर. उत्तरं साधारण ठरलेली असतात. निपाणी-चिकोडीकडचा माणूस कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात नाहीतर गडहिंग्लजला, अथणी-कागवाडकडचा मिरजेला, खानापूर-जांबोटीकडचा चोर्ला घाट उतरून गोव्यात बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात, आणि उरलेले बेळगावला. राज्यांच्या सीमा १९५६ मध्ये आखल्या गेल्या, दुखण्याच्या वाटा त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. मिरजेतलं डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं.

त्यामुळं इथला एकच पेशंट एका आजारपणात दोन-दोन राज्यांतल्या दवाखान्यांतून फिरून येतो. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नव्या तपासण्या, नवे डॉक्टर. एका डॉक्टरांनी काय केलं हे दुसऱ्यांना ठाऊक असेलच असं नाही. सगळं ठाऊक असतं ते पेशंटजवळच्या माणसाला. एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट आणि अर्धवट फाटलेल्या चिठ्ठ्या मेडिकलच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी उशाला घेऊन झोपणारं ते माणूस. बहुतेक वेळा सून, मुलगी, नाहीतर बायको.

आमच्या आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ही पिशवी वहिनीकडं होती. कोल्हापुरात एका गोळीनं त्यांच्या अंगावर गांध्या उठल्या होत्या, म्हणून ती बंद केली होती. पुढं तालुक्याच्या रुग्णालयात तीच गोळी, वेगळ्या कंपनीची, वेगळ्या नावाची, पुन्हा ट्रेमध्ये आली. वहिनीला औषधाचं शास्त्र कळत नाही, पण पाकिटावरचं बारीक अक्षर तिनं लावून लावून वाचलं आणि सिस्टरना म्हणाली, "ह्यानं त्यांच्या अंगावर उठतंय, देऊ नका." सिस्टर थांबल्या, डॉक्टरांना फोन केला, गोळी बदलली. त्या सिस्टर थांबल्या हे मला फार मोठं वाटतं. दुसऱ्या कुणी "आम्हाला शिकवू नका" म्हटलं असतं तर वहिनी गप्प बसली असती. आमच्या घरातल्या बायका पांढऱ्या कोटापुढं गप्पच बसतात.

हे लिहायचं कारण असं की आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयानं रुग्ण आणि नातेवाइकांचं सल्लागार मंडळ सुरू केलं, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्या कामात आहे. मंडळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं गणपतीचं येतं, नाहीतर तक्रार निवारण समिती येते. हे त्यातलं काहीच नाही. ज्यांनी त्या रुग्णालयात खाटेवर किंवा खाटेशेजारी दिवस काढलेत, त्यांनी डॉक्टर, सिस्टर आणि व्यवस्थापनाबरोबर ठरावीक काळानं एका टेबलाशी बसायचं आणि रुग्णालय कसं चालावं याबद्दल बोलायचं. स्वतःच्या बिलाचं भांडण तिथं आणायचं नाही. पुढच्या पेशंटचं काय, एवढंच बघायचं.

ही पद्धत जगात कशी रुजली ते मी मुद्दाम वाचून काढलं, कारण ट्रस्टींपैकी एकजण "हे परदेशी फॅड आहे" म्हणाले होते. अमेरिकेत बॉस्टनला डाना-फार्बर ही कर्करोगाची मोठी संस्था आहे. तिथं १९९४ मध्ये बेट्सी लेहमन ही ३९ वर्षांची बाई स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत होती. ती 'बॉस्टन ग्लोब' या वर्तमानपत्रात आरोग्यावर सदर लिहायची, आणि तिचा नवरा त्याच संस्थेत शास्त्रज्ञ होता. चार दिवसांत मिळून द्यायचं औषध तिला रोज तेवढंच, असं चार दिवस दिलं गेलं. ३ डिसेंबर १९९४ ला ती गेली. चूक उघडकीला आली ती पुढच्या फेब्रुवारीत, नोंदी चाळताना. ज्या घरात आरोग्याबद्दल लिहिणारी बाई आणि त्याच इमारतीत काम करणारा नवरा, त्या घरावर ही वेळ आली, तर अंगठा उठवून ऑपरेशनला संमती देणाऱ्या आमच्या माणसांचं काय, हा विचार मला ते वाचताना सुटला नाही.

त्या संस्थेनं पुढं स्वतःची घडीच बदलली. १९९८ मध्ये रुग्ण आणि नातेवाइकांचं मंडळ नेमलं आणि कामकाजाच्या समित्यांमध्ये त्यांना बसवलं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं २००८ मध्ये कायदाच केला की प्रत्येक रुग्णालयात असं मंडळ पाहिजे, आणि त्यासाठी १ ऑक्टोबर २०१० ची मुदत दिली. नियमांत तीन गोष्टी आहेत, त्या मी आमच्या बैठकीत वाचून दाखवल्या. निम्मे तरी सभासद आताचे किंवा पूर्वीचे रुग्ण किंवा त्यांचे नातेवाईक असावेत. तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हावी. बैठकीचं इतिवृत्त रुग्णालयाच्या संचालक मंडळाकडं जावं. या तिसऱ्या गोष्टीत सगळा जीव आहे. कागद वरपर्यंत जात नसेल तर चहा-बिस्किटांची बैठक होते.

आपल्याकडं अगदीच काही नाही असं नाही. १९९४ च्या सुरतच्या प्लेगनंतर इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात रोगी कल्याण समितीचा प्रयोग झाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं तो देशभर नेला. कर्नाटकात सरकारी दवाखान्यांत तिला आरोग्य रक्षा समिती म्हणतात. पण तिचं मुख्य काम निधीचं: कशावर खर्च करायचा, काय दुरुस्त करायचं. त्यात अधिकारी, लोकप्रतिनिधी, देणगीदार असतात. तेही लागतातच. फक्त रात्री अडीच वाजता सलाईन संपल्यावर सिस्टरना शोधत पळालेलं माणूस तिथं क्वचितच असतं.

आमच्या मंडळाची पहिली यादी ट्रस्टच्या ऑफिसात तयार झाली होती. निवृत्त मुख्याध्यापक, पतसंस्थेचे माजी चेअरमन, एक वकील, एक पत्रकार, दोन मोठे देणगीदार. सगळी भली माणसं, पण यातलं कुणीही जनरल वॉर्डात झोपलेलं नव्हतं. काही झालं तर ते स्पेशल रूम घेणार, नाहीतर थेट बेळगाव-कोल्हापूर गाठणार. यादी बदलली ती वॉर्डच्या सिस्टर-इन्चार्जमुळं. त्या म्हणाल्या, "मी नावं देते. ज्यांनी मला भंडावून सोडलंय, त्यांना घ्या."

त्यांची यादी वाचून वैद्यकीय अधीक्षक जरा दचकले. त्यात निपाणीकडच्या एक विडी कामगार मावशी होत्या. दम्याच्या नवऱ्याला घेऊन वर्षातून अनेकदा भरती होणाऱ्या. हुक्केरीकडचे एक शेतकरी होते. आईच्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा येणारे, घरी कन्नड बोलणारे, मराठी समजणारे. एक तरुण मुलगी होती, जिचं बाळ काचेच्या पेटीत बरेच दिवस होतं. एक उर्दू बोलणारे गॅरेजवाले चाचा होते, ज्यांचं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन पुढं पुढं ढकललं गेलं होतं. भंडावणारी माणसं म्हणजे प्रश्न विचारणारी माणसं. मंडळ करायचं असेल तर त्यांनाच घ्यावं, गोड बोलणाऱ्यांना नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

आता ही माणसं बैठकीला येणार कशी? विडीचे पैसे दर हजार विड्यांमागं मिळतात. बैठकीसाठी अर्धा दिवस गेला की तेवढ्या विड्या कमी. "सेवाभावानं यावं" हे म्हणणं पेन्शनवाल्यांना शोभतं. मी पेन्शनवाली आहे, मला परवडतं, मावशींना नाही. तेव्हा बसभाडं आणि बुडालेल्या रोजाची भरपाई द्यायची, आणि ती पाकिटात, सही घेऊन, उपकार केल्यासारखं न दाखवता द्यायची, यावर मी अडून बसले. एका ट्रस्टींना ते पटलं नाही. "पैशासाठी येतील," म्हणाले. सल्लागार डॉक्टर, आर्किटेक्ट, ऑडिटर हे सगळे पैसे घेऊनच सल्ला देतात, त्यांच्या सल्ल्यावर कुणी संशय घेत नाही. शेवटी मंजूर झालं.

भाषेबद्दल बाहेरच्या लोकांना सगळ्यात जास्त उत्सुकता असते. बेळगाव म्हटलं की पाट्या आणि मोर्चे. बैठकीला सुरुवात होण्याआधी मलाही तीच धाकधूक होती. मंडळ फलकांच्या भांडणात अडकलं तर रुग्णालयाचा विषय बाजूला राहणार. प्रत्यक्षात वॉर्डातली माणसं या बाबतीत पुढाऱ्यांपेक्षा पुष्कळ शहाणी निघाली. एका खाटेवरची भाकरी दुसऱ्या खाटेवर जाते तेव्हा कुणी मातृभाषा विचारत नाही. हुक्केरीचे अण्णा कन्नडमधून बोलतात, मी जमेल तसं मराठीत सांगते, चाचा मधेच हिंदीत भर घालतात. इतिवृत्त कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहितो.

पण भाषेचा खरा प्रश्न आहे, आणि तो झाकून चालणार नाही. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं. त्यावरची औषधं कशी घ्यायची ते घरी कुणालाच वाचता येत नाही, ना मराठी घरात, ना कन्नड घरात. मावशी पहिल्या बैठकीत जे बोलल्या ते असं: "डाक्टर काय सांगालेत ते कळंना झालंय म्हणून मी नुस्ती मान हलवतोय. घरला गेल्यावर शेजारच्या पोराला इचारतोय." अधीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मान हलली म्हणजे समजलं, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते.

त्यातून पहिलं काम निघालं. सोडताना सिस्टरनी औषधं समजावायची आणि मग नातेवाइकालाच परत सांगायला लावायचं: ही गोळी कधी, जेवणाआधी की नंतर, काय झालं तर ताबडतोब यायचं. त्याला परीक्षेचं रूप येऊ नये म्हणून सिस्टरनी म्हणायचं, "मी नीट सांगितलंय का ते बघायचंय, तुम्ही मला सांगा." म्हणजे चुकलं तर सांगणाऱ्याचं चुकलं, ऐकणाऱ्याचं नाही. वाक्य लहान आहे, पण त्यानं बायकांची जीभ सैल होते. त्याच्या जोडीला अर्ध्या पानाचं औषधाचं कार्ड केलं. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र, आणि ताट भरलेलं किंवा रिकामं. जिचं बाळ काचेच्या पेटीत होतं ती तरुण आई चित्रं छान काढते; चित्रं तिचीच आहेत.

दुसरा विषय डिस्चार्जच्या दिवसाचा. सकाळी राउंडला डॉक्टर "आज सोडतो" म्हणतात आणि पेशंट बाहेर पडतो संध्याकाळी. तोवर गावाकडची बस गेलेली असते. टाके घातलेलं माणूस बाकावर बसून राहतं, खाट मात्र दुसऱ्याला दिलेली. व्यवस्थापनाच्या मते हा बिलिंगचा प्रश्न होता. अण्णांनी फळ्यावर एकेक टप्पा लिहायला लावला: डॉक्टरांचं समरी लिहिणं, ते टाईप होणं, उरलेली औषधं मेडिकलला परत करून पावती आणणं, लॅबचं शेवटचं बिल, सरकारी आरोग्य योजनेतला पेशंट असेल तर ऑनलाईन मंजुरी, मग पैसे, मग गेटपास. त्यांना हे सगळं पाठ होतं, कारण ते पळून पळून झालेलं होतं. रुग्णालयातल्या प्रत्येकाला आपापला टप्पा माहीत होता, अख्खी साखळी त्यांच्यातल्या कुणीच बघितली नव्हती.

आता शक्य असेल तेव्हा आदल्या संध्याकाळीच सांगतात, औषधं रात्रीच परत घेतात, समरीचा कच्चा मसुदा रात्रपाळीत होतो. पुष्कळ पेशंट दुपारच्या आत निघतात. योजनेच्या मंजुरीचा उशीर तसाच आहे. तो आमच्या हातातला नाही.

योजनांचा गुंता तर सीमाभागात वेगळाच. कर्नाटकाची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना २०१८ पासून आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये आपली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना लागू करायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकानं हरकत घेतली, वर्तमानपत्रं भरून गेली. राजकारणाचं जे व्हायचं ते होवो. काउंटरपुढं उभ्या माणसाला एवढंच हवं असतं की माझं कोणतं कार्ड कुठं चालतं, कोणते कागद आणायचे, आणि आणीबाणीत कार्ड घरी राहिलं असेल तर काय. हे सांगणारं माणूस ठरावीक वेळेला काउंटरशेजारी बसवा, अशी मागणी मंडळानं केली. निम्मी मान्य झाली आहे: माणूस आहे, पण दुपारी चारनंतर नाही. अपघात आणि बाळंतपणं मात्र घड्याळ बघून येत नाहीत.

सिस्टर लोकांबद्दल लिहायलाच हवं. त्यांना सुरुवातीला वाटलं, हे आपल्यावर लक्ष ठेवायला आणलेले लोक. एकजण मला जिन्यात म्हणाल्या, "बाई, तुमचं तरी कुणी ऐकतंय, आमचं कोण ऐकणार?" त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पण पुढच्या बैठकीत मावशींनीच विषय काढला, की रात्री पूर्ण वॉर्डाला एकच सिस्टर असते, तिला जेवायलाही बसता येत नाही, मग आमच्याकडं ती बघणार कधी? सिस्टरांनी ही मागणी आधी कितीदा तरी केली होती. नातेवाइकांच्या तोंडून आल्यावर ती इतिवृत्तात गेली, इतिवृत्त ट्रस्टपुढं गेलं, आणि रात्रपाळीला एक जास्तीची नेमणूक झाली. तेव्हापासून सिस्टर मंडळाला आपलं मानतात. चुकांचं खापर नेहमी खाटेजवळच्या दोघांवर फुटतं, एक सिस्टर आणि दुसरं नातेवाईक. दोघं एका बाजूला आले की रुग्णालय बदलायला लागतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता जे झालं नाही त्याबद्दल. मंडळाला सोपी कामं द्यायला सगळे तयार असतात. भिंतीला कोणता रंग द्यायचा, बाकं कुठं ठेवायची, गरम पाण्याचा नळ कुठं बसवायचा. गरम पाण्याच्या नळाची किंमत मी कमी लेखत नाही, बाळंतिणीच्या आईला विचारा. पण लेहमनच्या मृत्यूनंतर जे मंडळ उभं राहिलं ते बाकांसाठी उभं राहिलं नव्हतं. चूक झाली तर ती त्या घराला सांगायची का, कोणी सांगायची, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं हे त्यांना कळवायचं का, हा मूळ विषय आहे. आम्ही तो मांडला तेव्हा ट्रस्टच्या वकिलांनी सांगितलं, लिहून काही देऊ नका, केस होईल. त्यांची भीती खोटी नाही. दवाखान्यांची तोडफोड होते, डॉक्टरांवर हात उगारले जातात, आणि ते मला भयंकर वाटतं. पण माझा अनुभव असा आहे की माणसं चिडतात ती चुकीपेक्षा लपवाछपवीनं. दार बंद करून आत कुजबुज चालली की बाहेरच्यांना वाटायचं तेच वाटतं.

कायदाही गप्प बसायला सांगत नाही. रुग्णानं मागितली तर उपचाराची कागदपत्रं ७२ तासांच्या आत द्यायची, हा वैद्यकीय परिषदेचा नियम २००२ पासून आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद मांडली, तिच्यात १७ हक्क आहेत. आपल्या आजाराची माहिती मिळणं आणि आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाणं हे त्यात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा रुग्णसुरक्षा दिन १७ सप्टेंबरला असतो, आणि २०२३ चा विषयच रुग्णांना सहभागी करून घेण्याचा होता. यातलं सनदेचं पान आम्ही तीन भाषांत छापून ओपीडीत लावलं. अधीक्षकांनी ते स्वतः उभं राहून लावून घेतलं. त्या माणसाचं मला कौतुक आहे. वकिलांनी नको म्हटलेलं असताना त्यांनी विषय फायलीत जिवंत ठेवलाय.

सध्या आमच्यापुढं दुसरा एक अवघड विषय आहे, रात्री होणाऱ्या मृत्यूचा. रात्री माणूस गेलं की घरच्यांना कोण सांगतं, कुठं सांगतं? आत्ता ते बहुधा वॉर्डाच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत सांगितलं जातं. त्यानंतर बिल, मग कागदपत्रं, मग गाडीची शोधाशोध, आणि गाडीवाला सीमा ओलांडायची म्हटल्यावर भाडं वाढवतो. आमचं म्हणणं असं: एक खोली पाहिजे, लहान चालेल, पण दार असलेली. सांगायला डॉक्टर स्वतः पाहिजेत. प्रेत बिलासाठी अडवून ठेवणार नाही असं लेखी पाहिजे. सनदेतही तो हक्क आहेच. आणि दोन्ही राज्यांत जाणाऱ्या गाड्यांचे ठरलेले दर भिंतीवर लावलेले पाहिजेत. खोलीला जागा नाही असं उत्तर आलंय. ऑफिसशेजारी जुन्या फायलींची एक खोली आहे, ती मी आणि चाचांनी जाऊन बघितली. फायली वरच्या मजल्यावर हलवता येतील. चाचा म्हणाले, "दार का कब्जा मैं लगा देता हूँ."

पुढच्या बैठकीत हाच विषय पहिला घेतलाय. ज्यांच्या घरचं माणूस इथं रात्री गेलं अशा दोन कुटुंबांना बोलावलंय. यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं, बोलायचं की नुसतं बसायचं तेही त्यांनीच. एक घर संकेश्वरच्या पुढचं आहे, म्हणून बैठक अकराची दुपारी दोनवर नेली. त्यांचं बसभाडं आणि रोजाचं पाकीट मी आधीच मंजूर करून घेतलंय, आणि वकीलसाहेबांनाही यायला सांगितलंय.